एका रिमोटला दोन माणसं

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "यवतमाळला गेलतास? आणि तेही गेमसाठी?" मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसतो आणि घसा बसतो. म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी स्वतः जाऊन यावं.

मी मूळचा सांगलीचा, पोटासाठी पुण्यात. व्हिडिओ गेम आणि ते खेळायची यंत्रं यांवर लिहितो. बायको याला काम म्हणत नाही, पण घरभाडं यातूनच जातं. नवं यंत्र आलं की मी खेळतो आणि नावं ठेवतो. नावं ठेवण्यात माझा हात धरणारा अजून भेटायचाय. आमच्या या जगात दोन पंथ आहेत. एक आमचा, म्हणजे एका उडीसाठी बोटं झिजवणाऱ्यांचा. दुसरा घरगुती मंडळींचा, पाहुणे आले की तासभर खेळणाऱ्यांचा. यंत्र बनवणारे जन्मभर या दोघांच्या मधे लटकलेले असतात. अवघड केलं की घरचे पळतात आणि सोपं केलं की आम्ही नाक मुरडतो.

अशात यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसहून एक निरोप आला. प्रणिता नावाच्या बाईनं स्वतः गेमचं यंत्र बनवलं होतं. तिनं लिहिलं होतं, "सर, तुम्ही सगळ्यांची उणीदुणी काढता. आमचीही काढा, पण इथं येऊन काढा." हा आगाऊपणा मला आवडला. बॅग भरली.

दिग्रस

ट्रॅव्हल्सच्या गाडीचं काही सांगत नाही. माणूस त्यात जसा चेंगरतो तसा मीही चेंगरलो. उतरलो तेव्हा जानेवारीची थंडी होती आणि रस्त्यावर कापूस उडत होता. सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकासमोर कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग आणि आजूबाजूला बाभळीच्या काट्यांवर, विजेच्या तारांवर, चहावाल्याच्या छपरावर पांढरे पुंजके. आमच्याकडं उसाच्या ट्रॉलीतून कांडकं ओढायला पोरं मागं धावतात. इथं माल आपण होऊन गाडीतून उतरून गावभर हिंडत होता आणि कुणी त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हतं. मी मात्र बराच वेळ तोंड उघडं टाकून बघत उभा होतो.

प्रणिता फाटकाशीच भेटली. तिशीतली, ओढणी कमरेला बांधलेली आणि आवाज जिनिंगच्या मशीनला दाबून टाकणारा. म्हणाली, "आले का सर! चला, आधी खाऊन घ्या. उपाशी माणसाले मी मशीन दाखवत नाही. तो खालीपिली खोट काढते."

गाड्यावर आलूबोंडा घेतला. तो इथं नुसता खात नाहीत. बशीत कुस्करतात आणि वरून लाल तर्रीचा रस्सा ओततात. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, आम्ही सांगलीकर, आम्हाला तिखटाचं काय! दुसऱ्या घासाला नाक वाहायला लागलं, तिसऱ्याला कान गरम झाले.

"काहून सर, सांगलीत तिखट नसते का?" प्रणितानं विचारलं. गाडेवाला न मागता पाण्याचा जग ठेवून गेला.

तिचा कारखाना म्हणजे एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम. अमरावतीला इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, मग नोकरी सोडून ही इथं. यंत्र पत्र्याच्या डब्यात बसवलेलं होतं. गावात लग्नाच्या ट्रंका बनवणारा कारागीर आहे, त्यानंच डबा ठोकून दिलेला. निळा रंग, वर कमळ. मी मनात म्हटलं, झालं, आता दोन दिवस सभ्यपणे हसायचं आणि परत जायचं.

तिनं टीव्ही लावला आणि माझं हसू तिथंच गेलं.

पडद्यावर घाट होता. पहाटेच्या धुक्यातून पाठीवर मिठाच्या गोण्या लादलेल्या बैलांची रांग उतरत होती. शेवट दिसतच नव्हता. घंटांचा आवाज आधी लांबून, मग अंगावर आला. प्रणिता बंजारा समाजातली. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख पालथा घालायचे. त्या प्रवासाला लदेणी म्हणतात. तिनं त्याचाच खेळ केला होता. डाव्या हातानं कांडी फिरवून तांडा वळवायचा, उजव्या हाताच्या बटणांनी गोण्यांचा तोल सांभाळायचा, ओढ्यांवरून उडी मारायची. एक बैल घसरला की मागची सगळी रांग हलते. मी आयुष्यात परदेशी कंपन्यांचे किती घाट उतरलोय! पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. हे सगळं एका बाईनं, या गोदामात बसून केलं होतं. 

"आता अडचण सांगते," ती म्हणाली आणि टेबलावर लाकडाचे दोन रिमोट ठेवले. सुताराकडून घडवून घेतलेले नमुने, आत खऱ्या तारा. एक लहान, दोनच बटणांचा. दुसरा मोठा. दोन्ही बाजूंना भरदार मुठी आणि आठ बटणं. "राजकोटचा साचेवाला सोमवारी लोखंड कापायला घेते. प्लास्टिकचे रिमोट ओतायचा साचा एकच होईल, दुसरा मले परवडत नाही. एकदा लोखंडात कोरलं की बदल नाही. वणीचे गेम खेळणारे पोट्टे म्हणते, आठ बटनं पायजे. त्याईनं सगळ्यात आधी नावं नोंदवली. त्याईनं नाक मुरडलं तर बाकी कोणी इचारत नाही. अन् इकडे माही याडी."

याडी म्हणजे आई. यांच्या घरात बंजाऱ्यांची गोरबोली, उंबऱ्याबाहेर वऱ्हाडी.

"लदेणीचं सगळं तिच्याच तोंडून ऐकलं मी. अन् तिलेच खेळता नाही आलं, तर मी हे कायले केलं? सांगा सर, कोणाले सोडू?"

मला विचार करायची गरजच वाटली नाही. म्हटलं, "आईला सोडा. घरची माणसं महिनाभर खेळतात आणि मग त्या डब्यावर टॉवेल वाळत घालतात. तुम्हाला वणीची पोरंच तारतील."

तिनं माझ्याकडं शांतपणे बघितलं. "उद्या तांड्यावर चला. हेच तिच्या तोंडावर सांगा."

दारव्ह्याच्या अलीकडे

तांड्यावर, म्हणजे प्रणिताच्या वस्तीवर, जाणारी जीप माणसांनी भरून निघते. भरली असं मला वाटलं त्यानंतर आणखी तीन बाया, एक शेळी आणि सोयाबीनचं पोतं आत आलं. रस्ता चढाला लागला आणि मी शेळीसकट सगळं विसरलो. एका बाजूला कापणीला आलेली तपकिरी तूर, दुसऱ्या बाजूला पांढरी कपाशी, मागं पानं गळालेल्या सागाच्या टेकड्या, आणि वर इतकं मोठं आभाळ की मान दुखावी. आमच्याकडच्या शिवारात उसामुळं चार पावलांपुढचं दिसत नाही. इथं माणूस लांबून येताना दिसतो आणि बराच वेळ येतच राहतो.

प्रणिताची आई अंगणात खाट विणत होती. समोर तिची जाऊ कमळाकाकी. खाट विणायला दोन माणसं लागतात हे मला तिथं कळलं. एकीनं दोरी खालून घालायची, दुसरीनं वरून ओढून घट्ट धरायची, मग पहिलीनं सोडायची. दोघी एकमेकींकडं बघतही नव्हत्या. मधूनच "सोड", "धर", एवढंच. काकीला मधे आतून कोणीतरी हाक मारली, म्हणून मी उत्साहानं तिच्या जागी बसलो. आईनं ओढलं, मी सोडलं. चुकीच्या वेळी सोडलं. तीन ओळी ढिल्या पडल्या.

"आरं माय! पाव्हण्यानं सकाळची मेहनत पाण्यात घातली," आई म्हणाली आणि खळखळून हसली. "समोरच्यानं धरल्याबिगर सोडाचं नसते ना बाप्पा!"

माझी शिक्षा म्हणून मला जेवायला आधी बसवलं. ज्वारीची बाटी, मटणाच्या नळ्यांचा रस्सा आणि ठेचा. आमच्या तांबड्या रश्श्याचा मला फार अभिमान. तो त्या दिवशी मी पाटाखाली सरकवला आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

जेवणं झाल्यावर टीव्ही ओसरीवर आणला. बाया, म्हातारी माणसं जमली. प्रणितानं दोन बटणांचा रिमोट पुढं केला. सगळ्यांनी आळीपाळीनं खेळून पाहिलं. बैल आपोआप चालायचे, बटण दाबलं की उडी. जमलं सगळ्यांना. आणि थोड्याच वेळात काकीनं रिमोट खाली ठेवला.

"हे लेकराईचं हाय वं," ती म्हणाली. "तोल कोण सांभाळते याच्यात? बैलावर माल लादला अन् तोल नाही, असं कुठं असते का?"

प्रणिताचा चेहरा पडला. मला मात्र आश्चर्य वाटलं. सोपं दिलं की घरची माणसं खूश, हेच मी इतकी वर्षं लिहीत आलो होतो.

तेवढ्यात आईनं मोठा रिमोट उचलला. उलटसुलट करून पाहिला, दोन्ही मुठी चाचपल्या आणि डावी मूठ काकीच्या हातात दिली. उजवी स्वतः धरली. दोघी खाटेवर खेटून बसल्या.

"याडी, तो एकट्यानं धराचा असते," प्रणिता म्हणाली.

"दोन मुठी हाय ना? मंग एकटीनं कायले धराचं?" आईनं तिला वेड्यात काढलं.

मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तांडा चालायला लागला होता. काकी वळवत होती, आई तोल धरत होती. पहिल्या ओढ्यात दोन बैल वाहून गेले, तेव्हा बायांनी खरोखर हळहळ केली. पुन्हा सुरुवात. "धर." "सोड." "आता ओढ वं!" तेच शब्द, सकाळचेच. घाटाच्या वळणावर पुढचा बैल थबकला, तशी आईनं टाळूला जीभ लावून बैलाला करतात तसा आवाज काढला. यंत्राला ते ऐकू येणार नव्हतं, पण बैल बरोबर त्याच वेळी वळला आणि सगळी ओसरी ओरडली. मीही ओरडलो. दोघींनी पहिला घाट पार केला. आयुष्यात पहिल्यांदा रिमोट हातात धरलेल्या दोन बायांनी! मी हे डोळ्यांनी पाहिलं नसतं तर सांगणाऱ्याला हाकलून दिलं असतं.

एकच अडचण होती. दोघींचे खांदे एकमेकींत घुसत होते आणि काकीच्या कोपरापर्यंतच्या बांगड्या आईच्या मनगटावर आपटत होत्या. आईच्या हातावर लाल वळ उठला होता.

प्रणिता शेजारच्या घरी गेली आणि करवत घेऊन आली.

"अहो, काय करताय?" मी ओरडलो. "आठ बटणांचा तेवढा एकच नमुना आहे! उद्या वणीला जाऊन पोरांना काय दाखवणार?"

"हेच," ती म्हणाली आणि रिमोट मधोमध कापला.

बाभळीचा वीतभर तुकडा मधे घातला, तारा जोडून लांब केल्या आणि खाटेची उरलेली सुतळी गुंडाळून गाठ मारली.  आई आणि काकी पुन्हा बसल्या. आता बांगड्या लागत नव्हत्या. प्रणितानं माझ्याकडं वळून पाहिलं.

"सांगा सर आता, हिच्या तोंडावर."

मी आईला म्हणालो, बाटी फार छान झाली होती.

वणी

मारेगाव मागं पडलं आणि हळूहळू सगळ्याचा रंग बदलला. झाडांची पानं काळी, रस्त्याच्या कडा काळ्या, कोळशाच्या ट्रकांच्या रांगा. लांबून मला डोंगर दिसले आणि मी प्रणिताला त्यांचं नाव विचारलं.

"डोंगर नाही सर. खाणीतून काढलेली माती हाय ते."

मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिलो. माणसांनी जमिनीच्या पोटातून एवढं उपसून बाहेर मांडलंय! त्यावर चढणारा डंपर मुंगळ्याएवढा दिसत होता. भीती वाटली आणि नजरही हटेना. प्रणिता मात्र त्या दिवशी खिडकीबाहेर बघत नव्हती. मांडीवरच्या रिमोटची सुतळीची गाठ पुन्हा पुन्हा आवळत होती. 

पोरांचा अड्डा एका ट्रक गॅरेजमागच्या खोलीत. सगळ्यांत पटाईत दोघं, अश्फाक आणि निलेश. अश्फाक वजनकाट्यावर कामाला, निलेश ट्रकचे टायर बघतो. गावात कोण पहिला, यावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाकडं. एकमेकांशी बोलायचे ते फक्त खेळताना, आणि तेही शिव्या. दोघांनीही स्वतंत्र यंत्रं नोंदवली होती आणि बाकीची पोरं या दोघांकडं बघून.

अश्फाकनं रिमोट हातात घेतला. "ताई, हे काय करून आणलं? भल्ला रुंद झाला ना हा."

"खेळून तर पाहा."

खेळला. बोटं काय चालत होती! मी जगातले चांगले खेळाडू पाहिलेत, हा त्यांच्यात बसला असता. पण रिमोट रुंद झालेला, हात फाकलेले, मुठीवर जोर येईना. तिसऱ्या वळणावर त्याची अख्खी रांग दरीत गेली. मग पुन्हा गेली. त्यानं रिमोट टेबलावर ठेवला.

"नाही जमत ताई. आमी काय मागितलं होतं, तुमी काय आणलं? माझं नाव काटा."

"माझं बी," निलेश म्हणाला. या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं. मागं बसलेली पोरं माना डोलवायला लागली.

आणि खरं सांगतो, त्यांचं बरोबर होतं. मीही हेच लिहिलं असतं. प्रणिताचे ओठ पांढरे पडले होते. तिचं चार वर्षांचं आयुष्य त्या टेबलावर पडलं होतं. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं.

"एकट्यानं नका खेळू," ती शेवटी म्हणाली. "दोघं धरा. एक मूठ एकानं."

"अबे यार, ते बायका-पोराईसाठी असते ताई."

"हाव. माही याडी अन् काकी पहिला घाट उतरल्या काल. जिंदगीत पहिल्यांदा रिमोट धरला होता त्याईनं. तुमी दोघं वणीचे वाघ ना? उतरून दाखवा."

खोलीत कोणीतरी शिट्टी मारली. अश्फाकबरोबर बसायला कोणी पुढं होईना. मग निलेशच उठला. "दे बे डावी मूठ. नाहीतर म्हणशील मी भ्यालो."

पहिली उडी. रांग पाण्यात. दुसरी. पुन्हा पाण्यात.

"थांब म्हटलं ना बे!" अश्फाक खेकसला.

"तू सांगितलं कधी? मले काय सपन पडते?"

"दिसत नाही तुले, तोल चालला ते?"

जे एकट्याच्या दोन हातांना आपोआप कळायचं, ते आता तोंडानं सांगावं लागत होतं, आणि या दोघांना एकमेकांना काही सांगायची सवयच नव्हती. तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई-काकीला जोडीनं खेळणं सोपं गेलं, कारण प्रत्येकीला अर्धंच काम उरलं. या दोन पटाईतांना तेच जगातलं सर्वांत अवघड काम झालं, कारण अर्धा खेळ त्यांच्या हाताबाहेर गेला. आणि आमच्या पंथाला अवघड दिसलं की आम्ही जेवणसुद्धा विसरतो. एकच लाकूड, दोन्ही पंथांना पुरून उरलं होतं! आईशप्पथ सांगतो, इतक्या वर्षांत इतकी मोठी गोष्ट माझ्या समोर कधी घडली नव्हती.

चहा आला, निवून गेला. गॅरेजचा मालक दोनदा निलेशला हाक मारून गेला आणि तिसऱ्यांदा येऊन तिथंच बसला. दोघं भांडले, उठले, पुन्हा बसले. निलेशनं एकदा रागानं मूठ सोडली, तर अश्फाक म्हणाला, "सोडू नको ना यार, जमून राह्यलं होतं." हे ऐकून मागची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग हळूहळू शिव्या कमी झाल्या, शब्द कमी झाले. "आता." "हं." "धर." आणि पहिला घाट उतरला. खोली दणाणली. या दोघांना त्याचा पत्ता नव्हता, त्यांनी दुसरा घाट सुरू केला होता.

निघायची वेळ झाली तेव्हा प्रणिता अश्फाकच्या मागं जाऊन उभी राहिली. आवाज शक्य तेवढा सहज ठेवून म्हणाली, "मंग काय करू? नावं काटू?"

"काटा," अश्फाक पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"दोन होते ना, माझं अन् याचं," तो पुढं म्हणाला. "एक काटा. एकच ठेवा. दोघात."

"आमचंही दोघात एक, ताई," मागून एक पोरगा ओरडला. मग दुसरी जोडी. मग तिसरी.

"माय वं!" प्रणितानं कपाळावर हात मारला. "अर्धं गिऱ्हाईक गेलं ना माह्यं!" आणि ती हसायला लागली. हसत हसत बाहेर येऊन एका जुन्या टायरवर बसली, ओढणीनं डोळे पुसले, पुन्हा हसली. माझेही डोळे भरले होते, धूळ फार होती तिथं. मग तिनं या रुंद रिमोटची मापं राजकोटच्या साचेवाल्याला पाठवली आणि त्याला फोन लावला.

"भाईसाब, चौड़ावाला. हाँ, चौड़ावाला ही काटो."

पलीकडच्यानं दोनदा विचारलं असावं. एकदा कापलं की परत नाही, बेन, नीट विचार केलाय ना? ती दाराकडं बघत राहिली. आतून निलेशचा आवाज आला, "सोड बे अश्फाक, सोड आता. मी धरलं हाय."

"पक्का," प्रणिता म्हणाली.